मोहाखाली अडकलेले गुडघे

मोहफुलं वेचायला मी काठी घरी ठेवून गेलो आणि झाडाखाली उकिडवा बसलो.

गुडघ्यांची झीज झाली आहे, हे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं. उकिडवं बसू नका, वजन उतरवा, सपाट जागी रोज चाला, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम करा. त्यातला 'झीज' एवढाच शब्द मी घरी आणला. झिजणारी वस्तू जपून वापरावी म्हणून हिवाळाभर खुर्ची सोडली नाही. दुखणं होतं तिथंच राहिलं. मांड्यांतलं बळ तेवढं गेलं, आणि पोट वाढलं.

आमच्याकडे मोह वेचायला एकटं जात नाहीत. वेचणारा वाकला की मागून जनावरासारखा दिसतो, आणि वाघ येतो तो मागूनच. म्हणून बाया मोठ्यानं बोलत वेचतात. त्या सकाळी बायको त्यांच्यासोबत पुढच्या झाडाकडे सरकली. "तुमी उभ्यानंच राखण करा, बसू नोका," म्हणाली. तिची पाठ वळली, मी बसलो. टोपली अर्धी झाली असेल, तोच मागे टेंभुरणीच्या झुडपात पाचोळा वाजला. वाजला आणि थांबला.

उठायला गेलो. गुडघे उठेनात. माझ्यासारख्याला जमिनीवरून उठायचं तर आधी हातापायांवर ओणवं व्हावं लागतं. म्हणजे वाघापासून वाचायला उभं राहायचं, आणि उभं राहायला आधी चार पायांचं जनावर व्हायचं. हाक मारावी तर आवाज निघेना. पाचोळा परत वाजला, आता जवळ.

झालो ओणवा. उभ्या जन्मात इतका वासरासारखा मी कधी दिसलो नसेन. मागे बघायची हिंमत नव्हती. तसाच रांगत बुंध्याशी पोचलो, त्याला मिठी मारली आणि छाती सालीवर घासत वर सरकलो. तेव्हा कुठे आवाज फुटला.

बाया डबे बडवत धावल्या. झुडपात होतं ते जडपणानं आत निघून गेलं. कोणाला दिसलं नाही. बायकोनं माझे हात बुंध्यापासून सोडवले.

"वाघच असन का वो?" मी विचारलं.

तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे.

"असला त असन. तुमाले उचलाले आला असता त त्याचेच गुडघे गेले असते."