दातांसाठी बोललेले रोडगे

माझ्या सहा वर्षांच्या लेकीच्या हिरडीत सारखा पू धरायचा. दात मात्र पांढरेशुभ्र, कुठे कीड म्हणून नाही. गूळ बंद केला, चॉकलेट बंद केलं, तरी गाल सुजायचाच. देवावरचा माझा विश्वास तेव्हा पार ढिला झाला होता. बायकोने मात्र आमच्या गावच्या मारुतीला रोडग्यांच्या पंगतीचा नवस बोलला, पोरीचे दात वाचू दे म्हणून.

अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरांनी लेकीचं तोंड बघण्याआधी माझी फेंगडी चाल बघितली. मग माझी कवळी. तपासण्या झाल्या आणि त्यांनी समजावलं, की आम्हा बापलेकींना मुडदूस आहे, पण तो खाण्यापिण्याच्या कमतरतेचा नाही, वंशातून आलेला आहे. अंगातलं फॉस्फेट लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे हाडं वाकतात आणि दाताच्या कवचाखालचा थर नीट घट्ट होत नाही. कवचाला केसाएवढी चीर गेली तरी जंतू थेट आत शिरतात. माझ्यासारख्या बापाकडून तो प्रत्येक मुलीला जातोच. औषध सुरू झालं, पण पुढचे दुधाचे दात काढावेच लागले. नवे येतील तेही कच्चेच असू शकतात, असं कळल्यावर मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. लेकीला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं का?

"मारुतीनं ऐकलं नाही, मंग रोडगे कायचे?" मी घरी म्हणालो.

"देव आपला नोकर हाये का? चाला," बायको म्हणाली.

शनिवारी नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावी गेलो. पंगत बसली आणि मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. गोवऱ्यांवर भाजलेला तो कणकेचा टणक रोडगा आम्ही दातांसाठी बोललो होतो! लेक ओठ मिटून बसली.

शेजारच्या अनोळखी म्हातारीने विचारलं, "काहून वं माय, खात काहून नाही?"

लेकीने तोंड उघडून दाखवलं. म्हातारीने स्वतःचं बोळकं दाखवलं आणि दोघी खुदकन हसल्या. मग तिने लेकीचा रोडगा बारीक चुरला, वर वरण आणि तूप ओतलं. "खाय आता. मारुती काई दात मोजत नाही."

लेक मन लावून जेवली. मध्येच तिने एक घास माझ्या तोंडाशी धरला. "तुमी पण खा ना बाबा. आपल्या दोघाईसाठीच चुरलं आजीनं."

मी तो घास खाल्ला. नव्या दातांचं काय होईल, कोणीच सांगू शकत नाही. मी तिची औषधं चुकवत नाही, बाकी मारुतीवर सोडलंय. माझ्यामुळे जे तिच्या वाट्याला आलं, त्याच्यासकट तिने मला जवळ केलं. याहून जास्त मागायला आता माझी जीभ रेटत नाही.