चार युनिट

माझ्या आईच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते. कडक, काळपट, टाचेला पडतात तसे. चर्चच्या फरशीवर, घरी पलंगाशेजारी, कधी कधी ओट्यासमोरही ती गुडघे टेकायची, आणि खाली काही अंथरलेलं तिला चालायचं नाही. बुधवारी आणि शुक्रवारी तिचा उपास, तोही निव्वळ पाण्यावर. रविवारी उपासनेच्या दोन तास आधी जाऊन ती सगळी बाकं पुसायची आणि मंडळी घरी गेली की पुन्हा पुसायची. पाळकसाहेब तिचं उदाहरण द्यायचे. ती जिथं नर्स होती त्या हॉस्पिटलमधले वॉर्डबॉय तिला 'अलार्म' म्हणायचे, कारण तिच्या येण्यावर घड्याळ लावावं. बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. ते म्हणायचे, "अगं, सातव्या दिवशी देवानंही विसावा घेतला. तू त्याला सीनियर आहेस का?" मी हसायचे. आई हसायची नाही.

बाहेरच्यांना ती भक्ती दिसायची. घरात तिची धास्ती असायची. आम्हाला वाढून ती स्वतः न जेवता समोर बसली की आमचा घास घशाखाली उतरायचा नाही. एखादी प्रार्थना चुकली तर तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. बस चुकलेल्या माणसाचा पडतो तसा नाही. दारात पोलीस उभा राहिला की पडतो तसा.

मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी ट्रे घेऊन वॉर्डावॉर्डांतून रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे माझं काम. आई तेव्हा बायकांच्या वॉर्डची इनचार्ज होती. हात असा की कुणाला न सापडणारी शीर तिला पहिल्या फटक्यात सापडायची. पण इन्सुलिनची वेळ झाली की ती दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची. स्वतः कधीच द्यायची नाही. विचारलं तर म्हणायची, "इनचार्जला इतर कामं असतात."

गेल्या वर्षी एका मंगळवारी त्या वॉर्डात सत्तरी ओलांडलेली एक बाई दाखल झाली. मधुमेह, आणि पायाला चिघळलेली जखम. आईनं केसपेपरवरचं नाव वाचलं, पेपर टेबलावर ठेवला आणि चादरींच्या खोलीत निघून गेली. दहा मिनिटं बाहेर आली नाही. वॉर्डातल्या मावशींनी दार ठोठावलं तेव्हा आली, तोंड धुतलेलं होतं.

त्या दिवशी घरी तिनं जाहीर केलं की आजपासून रविवारपर्यंत ती काही खाणार नाही. बाबांनी कारण विचारलं. ती ओटा पुसत राहिली. बाबांनी चिडून ताट बाजूला सारलं, तेव्हा तिनं ते मुकाट्यानं उचलून झाकून ठेवलं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी ती जिना चढताना दोनदा कठड्याला धरून थांबली. मी म्हटलं, रजा टाक. ती म्हणाली, आज तर नाहीच.

सव्वासातला मी वॉर्डात पोचले. नऊ नंबरच्या बेडवर ती म्हातारी बाई उशीला टेकून बसली होती. केस पांढरे, पाठ ताठ. मी बोटातून रक्त घेतलं. मशीनवर साखर तीनशे बारा दिसली. नवी सिस्टर इन्सुलिनचा ट्रे घेऊन आली, तशी बाई शांतपणे म्हणाल्या, "तू नको. तुझ्या इनचार्जला पाठव."

सिस्टर गोंधळली. मॅडम इन्सुलिन देत नाहीत, असं तिनं सांगितलं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

आई आली. बेडच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं लोखंडी कांब दोन्ही हातांनी धरली. तीन दिवसांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त आईची पांढरी पडलेली बोटं दिसत होती.

"उपास धरलायस ना?" बाईंनी विचारलं. "ओठ बघ कसे झालेत."

"हो, सिस्टर."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"म्हणजे मी आल्यापासून." बाईंनी आईकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "ही तुझी मुलगी. नाक तुझंच आहे. तेव्हा चार महिन्यांची होती, नाही का? हिला माहीत आहे?"

आईनं मान हलवली. नाही.

मला वाटलं आता ती निघून जाईल. पण तिनं बेडभोवतीचा पडदा ओढला, नव्या सिस्टरला बाहेर थांबायला सांगितलं, आणि उभ्याउभ्याच, माझ्याकडे न बघता, मला सगळं सांगितलं.

चोवीस वर्षांपूर्वी बाबांच्या बसला अपघात झाला होता. त्यांचा मणका मोडला आणि सहा महिने ते अंथरुणाला खिळले. मी तान्ही. आई डबल ड्युट्या करायची. ती तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात होती आणि या बाई तिथल्या मोठ्या सिस्टर होत्या. एका सकाळी, सलग दुसरी ड्युटी संपायला अर्धा तास असताना, आईनं एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांना इन्सुलिन दिलं. मास्तरांचं ऑपरेशन नीट झालं होतं, दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते. डॉक्टरांनी चार युनिट लिहिलं होतं. चारच्या आकड्याला चिकटून युनिटचं इंग्रजी 'यू' अक्षर काढलं होतं, वरून मिटलेलं. आईनं ते शून्य वाचलं. चाळीस.

सिरिंज दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच सुई टोचायची, असा नियम होता. जवळ कुणी नव्हतं. आईच्या छातीत दूध दाटून आलं होतं, अंगावरचा झगा ओला व्हायला लागला होता आणि तिला घरी पळायचं होतं. तिनं दाखवली नाही. मास्तरांना नाश्ता गेला नाही, उलटी झाली. दहाच्या सुमाराला ते शुद्धीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी ते गेले.

चौकशी झाली. समितीपुढे मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की पेपर मी वाचला, सिरिंज मी भरली, तिनं फक्त मी दिलेलं टोचलं. आई त्याच खोलीत होती. ती बोलायला उठली. मोठ्या सिस्टरनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि आई परत खुर्चीत बसली. पुढे तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मोठ्या सिस्टरची नोकरी गेली. आईची राहिली. त्या रस्त्यात दिसतील म्हणून आईनं बाजाराची वाट बदलली.

इतकं सांगून ती थांबली. पडद्याबाहेर नाश्त्याची गाडी खडखडत येत होती. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर तीनशे बारा लिहिलेलं होतं, आणि इन्सुलिनची वेळ निघून चालली होती.

"मी खोटं बोलले," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ते माझं पाप. त्याबद्दल मी देवापुढे रडून मोकळी झाले. पण तुला जे दिलं ते मनापासून दिलं होतं. पाळण्यात पोर आणि पलंगावर नवरा. मी एकटी होते, मला झेपणार होतं. आणि तू काय केलंस? इतकी वर्षं तू ते परत करतेयस. तेही मला नाही. देवाला."

"मी माणूस मारला, सिस्टर."

"हो. मारलास." त्यांनी आवाज मऊ केला नाही. "आणि त्यासाठी येशू मेला. एकदा मेला, पुरेसा मेला. तुला रोज थोडं थोडं मरायला कुणी सांगितलं?"

आईच्या घशातून एक आवाज आला. रडण्याचा म्हणवत नाही. मी तिला धरायला पुढे झाले, पण मोठ्या सिस्टरनी मला हातानं थांबवलं.

"आता आधी खा. चार दिवसांच्या उपाशी बाईला मी माझ्या अंगाला हात लावू देणार नाही."

"मी उपास मोडत नाही."

"कुणासाठी धरलाय? माझ्यासाठी असेल तर मी सांगते, मोड. देवासाठी असेल तर त्यानं मागितला होता का, ते आठव. आणि लवकर कर, माझी साखर चढतेय."

मावशींनी पावाच्या दोन स्लाइस आणि चहा आणून दिला. आई स्लाइस हातात धरून उभी राहिली. मला वाटलं हे तिला जमणार नाही. चोवीस वर्षांत शुक्रवारी तिनं औषधाची गोळीसुद्धा घेतली नव्हती. मग तिनं एक तुकडा तोंडात टाकला. तो गिळायला तिला इतका वेळ लागला की नवी सिस्टर पडद्याआडून दोनदा डोकावून गेली. दुसरा तुकडा. तिसरा. चहा तिनं गटागटा प्यायला, लहान मूल पितं तसा.

हात धुऊन तिनं बाटली उचलली. पेपरवर बारा युनिट होतं, आता अक्षरी लिहितात. तिनं सिरिंज भरली, उजेडात धरली.

"बारा. बघ."

"बारा," नवी सिस्टर म्हणाली.

आईनं ती मलाही दाखवली. माझा काही संबंध नव्हता. मी म्हटलं, बारा. मोठ्या सिस्टरनी गाऊन पोटावरून बाजूला केला. सिरिंजकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या आईच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. सुई आत गेली. आई मनात दहापर्यंत मोजत होती, ओठ हलत होते. सुई बाहेर आली.

त्यानंतर ती तासभर तिथून हलली नाही. स्वतःच्या देखरेखीखाली तिनं त्यांना नाश्ता संपवायला लावला, मला तीनदा साखर तपासायला लावली. तिसऱ्या वेळी मोठ्या सिस्टर माझ्याकडे बोट पुढे करत म्हणाल्या, "तुझी आई माझी चाळण करून सोडणार." आई हसली. मी तिला हसताना इतक्या जवळून क्वचितच पाहिलं होतं.

पण ते तिथंच संपलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढचे काही आठवडे वाटत होतं. आईनं ठरवलं, अधीक्षकांना खरं सांगायचं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "सांगायचं तर सांग. पण शिक्षा मिळवायला जाऊ नकोस. खरं आहे म्हणून जा." बाबांना तिनं आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले की मी इथं पाय पसरून पडलो होतो आणि तू हे एकटीनं गिळलंस. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही.

अधीक्षक तिशीतले होते. त्यांनी जुनी फाइल शोधून काढली, जबाब लिहून घेतला. आईचं इनचार्जपद गेलं. पुन्हा चौकशी बसली आणि तिचा निकाल येईपर्यंत, आणि आल्यावरही, तिला पेशंटपासून दूर ठेवलं: तळमजल्यावर, जिथं ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करतात. मोठ्या सिस्टरच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या घरी गेल्यावर त्यांना हॉस्पिटलचं पत्र आलं की त्यांच्यावरचा ठपका पुसला आहे. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि पहिल्याच ओळीत व्याकरणाची चूक काढली.

मास्तरांना एक मुलगी होती. तसबिरींना चौकटी करून द्यायचं तिचं दुकान होतं. आई तिच्याकडे गेली, मी सोबत होते. तिनं हातातली पट्टी खाली ठेवून सगळं ऐकलं. किती वाजता, कितव्या बेडवर, त्यांना दुखलं का, एवढंच विचारलं. मग म्हणाली, "माफ केलं असं माझ्याकडून वदवून घ्यायला आला असाल तर मला ते जमणार नाही."

"त्यासाठी नाही आले," आई म्हणाली. "तुम्हाला खरं माहीत असायला हवं होतं."

"तुम्ही आता जा."

परतताना मला धाकधूक होती की ही आता पुन्हा अन्नपाणी सोडणार, रात्रंदिवस फरशीवर पडून राहणार. ती वाटेत एका बाकावर बसली, पोटभर रडली आणि म्हणाली की भूक लागली आहे. रविवारी ती उपासनेला बाकीच्यांबरोबर आली, बाबांशेजारी बसली. एका बाईनं काळजीनं विचारलं, विश्वास थंडावला की काय? आई म्हणाली, "नाही. भीती कमी झाली."

पाच आठवड्यांनी चौकटीवाली हॉस्पिटलमध्ये आली. मी योगायोगानं खाली होते, नळ्यांचं खोकं न्यायला. ती हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीशी उभी राहिली. आई आतून वाफेनं ओला झालेला चेहरा पुसत आली आणि तिला पाहून जागच्या जागी थबकली.

"एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "त्यांच्याशी नीट बोललेल्या शेवटच्या तुम्हीच. आम्ही पोचलो तेव्हा ते शुद्धीत नव्हते. काय म्हणाले ते?"

आईला आठवावं लागलं नाही. "म्हणाले, सिस्टर, तुम्ही घाईत आहात, पण आधी तो पडदा सरकवा. समोरच्या टाकीवर ऊन कसं पडलंय बघा."

"सरकवलात?"

"सरकवला."

चौकटीवालीनं खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. "घरीही असंच करायचे," ती म्हणाली. "जेवण गार होऊन जायचं आणि हे आम्हाला भिंतीवरच्या सावल्या दाखवत बसायचे." तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मग तिनं विचारलं, "ती टाकी आहे अजून?"

"आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यातून दिसते."

"आणि ऊन?"

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी साडेसातला येतं. आता उतरलं असेल."

"मग मी उद्या येते," चौकटीवाली म्हणाली.