चोकच्या केबलवरची गाठ

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, म्हणून सर्जेराव मंगळवारीच यायचे. बजाजनगरातलं गॅरेज शेजारच्या पंक्चरवाल्याच्या भरवशावर टाकायचं, लाल बस धरायची आणि खुलताबादचा घाट उतरून ऊन तापायच्या आत सुनेच्या पत्र्याच्या शेडपाशी पोचायचं. पावसाळ्यानंतर हा त्यांचा नेमच झाला होता.

शेडमध्ये फुगीर टायरांची एक लाल चारचाकी बाईक उभी असे. बाहेरच्या फलकावर 'एटीव्ही राईड' असं लिहिलेलं होतं, पण गावात तिला सगळे 'प्रणयचा बैल' म्हणत. प्रणय हा सर्जेरावांचा एकुलता मुलगा. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टच्या अंगणात गंजत पडलेली ही गाडी त्यानं उचलून आणली होती, आणि उन्हाळाभर खपून चालती केली होती. गाडी चालू झाली आणि पावसाळ्यात प्रणय काविळीनं गेला. तेव्हापासून पर्यटकांना मागं बसवून टेकडीला फेरी मारून आणायचं काम त्याची बायको संध्या करत होती.

"या मामा, जयभीम," संध्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"जयभीम. बैल काय म्हणतो?"

"बैल कसला, रेडा झालाय. चोक ओढता ओढता अंगठा सुजतो. अन् एकदा ओढला की माघारी जात नाय. मग बसतो काळा धूर सोडत. परवा पुण्याच्या एक बाई नाकाला ओढणी लावून म्हणल्या, ताई, ही राईड हाय का धुरी?"

सर्जेराव हसले. तिच्या बोलण्यावर हसू यायचं आणि लगेच आतून काहीतरी खचायचं, कारण हे असलं बोलणं प्रणयचं होतं.

"काल संघपालभाऊ आल्ते," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. टेकडीखालची जमीन संघपालची होती, फेरीची वाट त्याच्याच रानातून जायची. "म्हणले, वहिनी, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत गाडी नीट करा. नायतर मला दुसऱ्याची गाडी लावावी लागंल. त्यांचं बी खरंच हाय."

पिशवीतून सर्जेरावांनी तेलाची बुधली काढली आणि दर मंगळवारसारखे हँडलवरच्या चोकच्या खटक्यापाशी थेंब सोडू लागले.

दोष कुठं आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. चोकच्या केबलचं खालचं टोक कार्बोरेटरपासून सोडवून त्यांनी बघितलं होतं. तिथला दट्ट्या लोण्यासारखा सरकत होता. खटका मात्र तरीही अडला होता, म्हणजे जे काही होतं ते केबलमध्येच. बोटांनी चाचपत ते हेडलाइटच्या मागं गेले, आणि तिथं थांबले. केबल तिथं बारीक तांब्याच्या तारेनं चौकटीला करकचून आवळलेली होती. हँडल वळलं की नेमकी तिथंच ती चेपत होती.

तारेला तीन पीळ होते आणि टोक आत वळवलेलं होतं, पुढच्या माणसाच्या बोटाला टोचू नये म्हणून. ही गाठ त्यांची स्वतःची होती. त्यांनी ती फक्त प्रणयला शिकवली होती.

सर्जेरावांच्या गॅरेजात एक रीत होती. ज्याची गाठ, त्यानंच सोडायची. दुसऱ्यानं बांधलेल्या तारेला पक्कड लावायची नाही, त्याला हाक मारायची. म्हणजे कुणाचं काम कुठं चुकलं ते त्याचं त्याला समजतं. वाळूजच्या कामगारांच्या कितीतरी दुचाक्या या रीतीवर दुरुस्त झाल्या होत्या. आता हाक कुणाला मारायची?

म्हणून ते तेल घालत राहिले. टेकडीवरचा फुफाटा त्या तेलात बसला, केबलच्या नळीत काळा चिखल झाला आणि चोक अधिकच आखडला. हे त्यांना दिसत होतं. नवी केबल कधीची पिशवीत पडून होती. तरी दर खेपेला निघताना ते हेडलाइटमागं हात घालत आणि त्या गाठीवरून अंगठा फिरवत. लेकाच्या हातचं एवढंच उरलं होतं.

"मामा, तेल पुरे आता." संध्या समोर येऊन उभी राहिली. "एक विचारू? राग धरू नका. मी गाडी चालवते ते तुम्हाला आवडत नाय का?"

"असं का म्हणतीस?"

"तुमच्या हाताखालून भंगारातल्या गाड्या उठून गेल्या. अन् ही एवढीशी केबल होईना? मला वाटलं, सुनेनं घरी बसावं म्हणून मामा मुद्दाम..."

सर्जेरावांच्या हातातली बुधली कलली. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नाय गं पोरी," ते कसंबसं म्हणाले. "ती तिथं मागं... प्रणयची गाठ हाय. तोडवंना."

संध्या वाकली. हेडलाइटच्या मागं बघितलं आणि तशीच वाकलेली राहिली.

"मामा," ती म्हणाली, "ती माझी हाय."

सर्जेरावांनी बुधली खाली ठेवली.

"हे गेल्यावर पहिल्यांदा गाडी काढली, तवा केबल लोंबत होती. हँडलमधी अडकायला लागली. मग मीच आवळली. जरा जास्तच आवळली वाटतं." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसतं तोंड वळवलं. "त्यांनीच शिकवली होती. टोक बाहेर राहिलं की लई रागवायचे."

बाहेर रस्त्यावरून घृष्णेश्वराकडं जाणारी एक जीप हॉर्न वाजवत गेली. सर्जेराव खालच्या पोत्यावर बसले. इतके मंगळवार ते ज्याला हात लावत होते ते लेकाचं नव्हतंच. प्रणय जाऊन इतके दिवस झाले होते, पण तो गेला हे त्यांना आत्ता, या शेडमध्ये, नव्यानं कळत होतं.

मग त्यांनी पिशवीतली पक्कड काढून तिच्या हातात दिली.

"तुझी हाय ना? मग तूच सोड."

संध्यानं पीळ उलगडले. जुनी केबल बाहेर आली तेव्हा आवळल्या जागी ती मोडल्यासारखी वाकली होती. सर्जेरावांनी नवी केबल खालून वर घेतली, दोन्ही टोकं बसवली, हँडल दोन्ही बाजूंना वळवून बघितलं. मग ते बाजूला सरले.

"आता बांध. बोटभर ढील ठेव. केबलीला हलायला जागा लागती."

तिनं नव्या तारेला तीन पीळ दिले आणि टोक आत वळवलं. "बघा बरं मामा, टोचतं का?"

त्यांनी अंगठा फिरवला. टोचत नव्हतं.

संध्यानं चोक ओढला, बटण दाबलं. गाडी धडधडत सुरू झाली. थोड्या वेळानं तिनं खटका सोडला तसा तो अलगद माघारी गेला आणि इंजिनाचा आवाज शांत झाला. धूर नव्हता.

"संघपालभाऊला दाखवून येते. येताव का मागं बसून?"

"तू जा. मी बसतो इथं."

ती टेकडीच्या वाटेला लागली. आवाज लांब जाईपर्यंत सर्जेराव ऐकत राहिले. मग त्यांनी खाली पडलेली तांब्याची जुनी तार उचलली. पिशवीत ठेवावी असं क्षणभर वाटलं. पण ती प्रणयची नव्हती. त्यांनी ती सरळ करून शेडच्या खिळ्याला अडकवली, पुन्हा कधी लागली तर संध्याला हाताशी असावी म्हणून.

परतीच्या बसला अजून वेळ होता. पुढच्या मंगळवारी यायला काही काम उरलं नव्हतं.