खीर कोणी कोणी खाल्ली?

मुलांनो,

गेल्या थंडीत अन्नपूर्णा मोहल्ल्यातल्या आपल्या घरात एकाच वेळी दोघांना दिवस गेले होते. एक तुमची शलाकाआत्या. दुसरा तुमचा सात वर्षांचा चुलतभाऊ, ईशान.

दोष माझा. (आजोबा म्हणतात, नेहमीप्रमाणे.) आत्याच्या डोहाळजेवणाच्या सकाळी मी वेलची सोलत होते. ईशान आला. "आजी, बेबी पेटात जातं कसं?"

मी इंग्रजीची एम.ए.! मुलांशी स्पष्ट बोलावं, असं कॉलेजात शिकवताना दुसऱ्यांच्या आयांना आयुष्यभर ऐकवलेलं! पण इथे समोर आपलाच नातू, आणि मागे देवघरात आजोबांची पूजा चाललेली. मी म्हटलं, "पुराणातल्या राण्या देवाची खीर खायच्या, मग त्यांना बाळ व्हायचं." तो समाधानाने गेला. मला वाटलं, सुटले.

दुपारी पंगतीत गोड काय होतं? खीर! देवाला नैवेद्य दाखवलेली!

ईशानने वाटी चाटूनपुसून संपवली आणि मग त्याला सकाळचं आठवलं. तो ताडकन उठून आत्याच्या नणंदेकडे गेला.

"रश्मीदीदी, तुझी शादी झाली आहे?"

"नाही रे."

"मग खीर नको खाऊ. प्रॉब्लेम होऊन जाईल."

रश्मीच्या आईला ठसका लागला. तोवर ईशान आजोबांपाशी. "आजोबा, बस करा! किती वाट्या? तुम्हाला जुळं होईल!" (आजोबांना मधुमेह आहे आणि ते खीर खातच नाहीत, असा माझा तोवर समज होता.)

मग त्याचं स्वतःचं पोट दुखू लागलं. त्याने बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली.

"ईशान, दार उघड!"

"नाही! आत कोणीतरी हिलतंय!"

त्याची आई, म्हणजे तुमची मेघाकाकू, धावत आली. "अरे राजा, तू मुलगा आहेस. मुलग्यांना बाळ होत नाही."

"तूच तर म्हणतेस, मुली करतात ते सगळं मुलग्यांना पण करता आलं पाहिजे!"

ज्या काकूने त्याला कणीक मळायला शिकवली, ती माझ्याकडे बघू लागली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण आतून खरोखरचं रडणं ऐकू आलं. "मी स्कूलला नाही जाणार. सगळे हसतील." तेव्हा हसू थांबलं.

आता सांगायचं कोणी?

"आई, तू सांग. खीर तुझी आहे," तुमचा काका म्हणाला.

"हे बायकांचं काम," आजोबा.

"मुलगा आहे, पुरुषांनीच सांगायला हवं!" मेघाकाकू.

"अहो ताई, नैवेद्याच्या दिवशी हा विषय?" शेजारच्या काळेकाकू.

"काकू, आज आपण जमलोय कशासाठी?" मी म्हटलं. खरंच थकले होते हो. ज्याचा सोहळा करायला हिरव्या साड्या नेसून सगळ्या आल्या होत्या, त्याचाच उच्चार कोणाला करवेना!

शेवटी दारापाशी स्टूल घेऊन बसले. मराठी शब्द शोधायला गेले तर एक पोथीतला सापडे, दुसरा चौकातल्या शिवीतला. म्हणून जमेल तसं सांगितलं. खाऊन बाळ होत नाही. आईच्या शरीरात एक बीज असतं, बाबांच्या शरीरात एक. मोठी झालेली माणसं प्रेमाने, एकमेकांच्या मर्जीने जवळ येतात, तेव्हा ती दोन बीजं भेटू शकतात. बाळ वाढतं ते पोटातल्या एका पिशवीत. ती तुझ्याकडे नाही. तुझ्या पोटात नुसती खीर आहे, बेटा.

मागे वाढपीसुद्धा पळी धरून ऐकत उभा!

कडी निघाली. लाल डोळ्यांचा ईशान बाहेर आला. "पक्का?"

"एकदम पक्का."

"आजोबांना पण नाही?"

"त्यांना फक्त शुगर."

पंगत पुन्हा सुरू झाली. काळेकाकू माझ्या कानाशी आल्या. "ताई, आमच्या नातवालाही जरा सांगाल का? असंच, दाराआडून?"

मी मान ताठ केली. म्हटलं, चला, शिक्षण कामी आलं! तेवढ्यात ईशानने पदर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, तुला हे सगळं पता होतं, तर सकाळी खीर-बीर कशाला सांगितलं?"

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि उभ्या जन्माच्या शिक्षणाला स्मरून स्पष्ट उत्तर दिलं:

"जा, आजोबांना विचार."