कावेरीची हाक

मसुऱ्याच्या कावेरी सामंतने वीस वर्षं मालवणी नाटकं गाजवली. मग ती मालिकेतली खाष्ट सासू झाली आणि तिचा खणखणीत आवाज घरोघरी पोचला. त्याच गळ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, आणि मालिकेत तिच्या जागी दुसरी आली. आठ महिन्यांनी कणकवलीत तिच्या नाटकाचा प्रयोग लागला, तेव्हा दिग्दर्शक भाईंनी कावेरीचा आवाज फसलाच तर म्हणून स्वप्ना या तरुण नटीलाही तसंच लुगडं नेसवून विंगेत बसवलं होतं. कावेरीने ते पाहिलं आणि पदर खोचून ती रंगमंचावर गेली.

दोन अंक तिने कसेबसे निभावले. तिसऱ्या अंकात समुद्रात अडकलेल्या मुलाला आई किनाऱ्यावरून हाक मारते. कावेरीने छाती भरून श्वास घेतला, "सदा रे!" म्हणून ओरडायला गेली आणि घशातून नुसता वारा आला. मागे कोणीतरी हसलं. विंगेत स्वप्ना उठून उभी राहिली, भाईंनी पडद्याच्या दोरीला हात घातला.

कावेरीने त्यांना हातानेच थांबवलं. ती रंगमंचाच्या कडेला येऊन बसली आणि पहिल्या रांगेतल्या म्हातारीला तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, "आये, माजो झील खंय दिसलो काय गो तुका?"

सभागृह चिडीचूप झालं. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

"येतलो गो बाय तो. धीर धर."

पडदा पडल्यावर भाई म्हणाले, "आता हो सीन असोच करूचो."

मालिकेचं बोलावणं काही पुन्हा आलं नाही. पण ती आई कावेरीने पुढे दोन वर्षं गावोगाव केली.