खाऱ्या वावराच्या आक्का

उजव्या हाताने पळी उचलायची, डाव्या तळहातावर आमटीचा एक थेंब टाकायचा, डोळे मिटून तो जिभेला लावायचा आणि क्षणभर स्तब्ध राहून म्हणायचे, "हां, आते बोला." आक्कांची ही मुद्रा आठवली की आजही मला एखाद्या ध्यानस्थ व्यक्तीचे स्मरण होते. आपणही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांची सारी एकाग्रता एका साध्या कृतीत उतरलेली असते.

धुळ्यात देवपूरच्या ज्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, तिच्या वसतिगृहाचा स्वयंपाक आक्कांकडे होता. वयाने त्या माझ्याहून लहान. परंतु मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सारे त्यांना आक्काच म्हणत. कोणत्याही गोष्टीविषयी त्यांचे मत विचारा, उत्तर ठरलेले असे. "चाख्याबिगर कसं सांगू, गुरुजी?"

एकदा नवे मुख्याध्यापक रुजू झाले. ते कसे वाटतात, असे मी सहज विचारले.

"ताटात काय सोडतस ते दखू," आक्का म्हणाल्या, "मंग सांगसू."

आठवड्याने त्यांनी आपण होऊन सांगितले, "चांगला शेतस. कारल्यानी भाजी बी सोडी नही."

नैवेद्याच्या दिवशी मात्र त्यांचा हा परिपाठ बंद असे. देवाला दाखविण्याआधी अन्नाला जीभ लावू नये, ही शिस्त त्यांच्या आईने लहानपणीच लावलेली होती. त्या दिवशी त्या पदराचे टोक तोंडावरून घेऊन चुलीपाशी उभ्या राहत, आणि त्या दिवशीच नेमके वरणात मीठ कमी किंवा अधिक पडे. कोणी बोलत नसे. देवही कधी बोलला नाही.

त्यांचे माहेर पांझरेच्या काठी, शहरापासून बसने थोड्या अंतरावर. वडील वारल्यावर धाकट्या भावाने, ज्यांना गावात नाना म्हणत, हक्कसोडीच्या कागदावर सही मागितली. आपल्याकडे बहिणी अशी सही करून माहेरचा गोडवा राखतात, हे आपण जाणतोच. आक्कांनी सही केली नाही. त्यांना मूलबाळ नव्हते, पती लवकर निवर्तले होते. "माय-बापनी माती माले बी पाहिजे," एवढेच त्या म्हणाल्या.

नानांनी माती दिली. कालव्याच्या खालच्या अंगाचा, कित्येक वर्षे पाणी मुरून मुरून खारावलेला तुकडा. वर मिठाचा पापुद्रा. "घे आक्का," ते चारचौघांत हसत म्हणाले, "तुले पांढरं सोनं दिधं!" खानदेशात पांढरे सोने कापसाला म्हणतात, त्या तुकड्यात कापसाचे बोंड कोणीच पाहिले नव्हते.

मी ती जमीन प्रथम पाहिली तेव्हा आक्का निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली, डोळे मिटले. "माय वं! आठे पिकेल भाजीले मीठ टाकानी गरजच नही!" आणि त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की त्या उजाड रानातही मला प्रसन्न वाटले.

त्यांनी ज्वारी पेरून पाहिली, कोंब करपले. हरभरा उगवलाच नाही. पाऊसही त्या वर्षांत कमीच होत गेला. अशा वेळी एक सौरऊर्जावाला तेथे आला. त्याला नानांची पडीक जमीन आणि तिला लागून असलेला हा तुकडा असे सलग रान विकत हवे होते. एक मिळून दुसरे न मिळाल्यास त्याचा उपयोग नव्हता. नानांनी बहिणीला गळ घातली. आक्कांनी थोडा विचार करून भावाला शब्द दिला.

"एक रब्बी दे माले. पिकनं आनि गावनी मानसंसनी खाधं, तर मी इकाव नही. नही खाधं, तर तू म्हनशी तठे सही करसू."

"मानसंसनी खाधं, बकऱ्यासनी नही हां," नाना म्हणाले. तो शब्द ठरला.

वसतिगृहात आक्कांच्या हातचे जेवून मोठा झालेला एक विद्यार्थी कृषी खात्यात होता. त्याने त्यांना क्विनोआचे बी आणून दिले. समुद्रापलीकडचे हे पीक खारी जमीन आणि थोडे पाणी दोन्ही सोसते, हे त्याने समजावले. मीठ ओलाव्याबरोबर वरंब्याच्या माथ्यावर चढते, म्हणून बी माथ्यावर न पेरता वरंब्याच्या बगलेत पेरावे, हेही सांगितले. आक्कांनी ते नाव आपल्या जिभेला सोयीचे करून घेतले. त्या 'किनवा' म्हणत.

कार्तिकात पेरणी झाली. विहिरीला जेमतेम पाणी, तेही मचूळ. आक्का पहाटेच्या बसने जात आणि दिवेलागणीला परतत. पौषात त्यांनी मला नेले. पांढऱ्या मातीतून गुडघ्याहून उंच रोपे उभी होती. कोवळ्या पानांवर बारीक चकाकी होती, जणू कोणी वरून मीठ भुरभुरले आहे. पुढच्या खेपेला पाहिले तर कणसांसारखे तुरे आले होते, काही पिवळे, काही गुलाबी, काही गर्द लाल. मी आपोआप हात जोडले. आक्का म्हणाल्या, "अजून हात जोडू नका. खावाले मानसं पाहिजेत."

मळणी महाशिवरात्रीच्या तोंडावर झाली. त्या दिवशी सारे गाव महादेवाच्या देवळात जमते. माणसांनी खाल्ले की नाही, याचा निकाल याहून उघडपणे कोठे लागणार? पण दिवस उपवासाचा. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, उपासले चालस का?"

मी दोन दिवस मागून घेतले. ग्रंथ पाहिले, जाणत्यांशी बोललो. शास्त्रात या दाण्याचे नाव असणे शक्यच नव्हते. तो गव्हा-तांदळासारखे तृणधान्य नाही, राजगिऱ्याच्या कुळातला आहे. आणि राजगिरा उपवासाला सर्वमान्य आहे. बटाटा व साबुदाणाही आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते, तरी आज ते प्रत्येक उपवासाच्या ताटात आहेत. "चालेल," मी म्हणालो. आक्कांनी सुटकेचा श्वास घेतला.

शिवरात्रीच्या दुपारी देवळाच्या मागल्या अंगाला मोठ्या पातेल्यात किनव्याची खीर शिजली. आक्कांनी पदर तोंडावरून घेतला होता. नव्या पिकाचा पहिला घास देवाचा, म्हणून दाणा त्यांनी घरीही चाखून पाहिला नव्हता. दाणे त्यांनी भगरीसारखे दोन पाण्यांतून काढले होते. नैवेद्य दाखविला गेला, आरती झाली, द्रोण फिरले.

पहिला घोट घेताच माझ्या लक्षात आले. खीर कडू होती, कडुनिंबाच्या पाल्यासारखी. मी ती प्रसाद म्हणून गिळली. इतरांनी देवळाच्या भिंतीआड जाऊन थुंकली. नानांनी द्रोण खाली ठेवला.

"जमीन खारी, दाना कडू," ते म्हणाले. "आक्का, आते सही."

कोणीतरी हसले. आक्कांनी पातेल्यातून एक थेंब तळहातावर घेतला, चाखला, डोळे मिटले. मग उठून उरलेल्या दाण्यांची पिशवी घेतली आणि सरळ नळाखाली परात मांडली.

दाणे चोळताच पांढराशुभ्र फेस उसळला, रिठ्याच्या पाण्यासारखा. त्यांनी ते पाणी बादलीत ओतले आणि नवे घेतले. पुन्हा फेस. पुन्हा नवे पाणी. बायका भोवती जमल्या.

"धान्य धुवस का लुगडं?" नानांनी विचारले.

"बठ," आक्का मान वर न करता म्हणाल्या. "मंग तुन्ही जीभबी धोवानी शे."

या वेळी हशा नानांच्या वाट्याला आला. हळूहळू फेस विरळ झाला, मग थांबला. पाणी नितळ झाले. खीर पुन्हा चुलीवर चढली. दाणे उमलले, प्रत्येकाची बारीक पांढरी शेपटी सुटली. आता आक्कांनी पळी हातात घेतली, थेंब तळहातावर टाकला आणि तो जिभेपर्यंत नेता नेता मध्येच थांबून माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, देवनं कसं?"

सारे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "आक्का, देवाचा नैवेद्य मघाशीच झाला. जे कडू होते ते त्याने स्वीकारले आहे. ही खीर माणसांची आहे. चाखा."

त्यांनी चाखली. बराच वेळ डोळे मिटून राहिल्या. मग पहिला द्रोण भरून नानांच्या पुढे धरला.

नाना खाली मान घालून खात राहिले. द्रोण रिकामा झाला. त्यांनी वर न पाहता तो पुढे केला. "वाढ."

तेवढ्यात पातेल्याभोवती गर्दी झाली होती. त्या गलबल्यातच नानांनी विचारले, "मंग सोलरवालाले काय सांगू?"

आक्का वाढता वाढता म्हणाल्या, "सांग त्याले, आठलं ऊन रिकामं नही."

त्यानंतर त्या वावरात प्रत्येक रब्बीला किनवा उभा राहिला. दर होळीला एक डबा माझ्या घरी येई, स्वच्छ धुऊन वाळविलेला. मागल्या पावसाळ्यात आक्कांना ताप आला, आणि इस्पितळात नेण्याची धावपळ चालू असतानाच त्या गेल्या. ईश्वराने त्यांना फार काळ अंथरुणावर ठेवले नाही, एवढेच समाधान. तुकडा नानांकडे आला.

दिवाळीनंतर एका सकाळी मी पांझरेकाठी गेलो. रान आता विकले जाईल अशी माझी समजूत होती. पण नानांनी पेरणी केली होती, बगलेतच. वरंब्यांच्या कडेने हिरवी रेघ उमटली होती. निंदणीच्या बायका मात्र बांधावरच खोळंबल्या होत्या. किनव्याच्या रोपात चाकवताचे रोप उगवते, आणि कोवळेपणी दोन्हींची पाने इतकी सारखी असतात, की आक्का स्वतः पुढे चालून एकेक दाखवीत तेव्हाच बायका तण उपटीत.

एकीने रोप बोटांत धरून विचारले, "नाना, हाई पीक शे का तन?"

नाना रोपाजवळ गुडघ्यांवर बसले. पान उलटून पाहिले, सुलटून पाहिले. मग उठून धोतराला हात पुसले आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या माय, दोन्ही. बठ्ठं वाढू द्या."