आवाज बंद पडला तेव्हा वाजलेलं ट्रंपेट

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी नेमाने वाचते. पिंपळाखालची बाई, उलटी पावलं, दार आपोआप उघडणं... वाचते, चष्मा काढते आणि भाजी निवडायला बसते. माझा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. दोन पोरं, विहिरीचं पाणी आणि एक आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईला भुतांसाठी सवड कुठली हो? पण एक प्रसंग माझ्या शेजारच्या खुर्चीत घडला. तो आजवर घरातल्यांनाच सांगत आले. नात म्हणाली, "आजी, लिहून तरी टाक, रोज रोज आम्हाला नको ऐकवूस." म्हणून हा खटाटोप.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहायचो, स्टेशनच्या पश्चिमेला, दोन खोल्यांत. पन्नास सालानंतरचे दिवस. गावाबाहेर पडलं की भातखाचरं लागायची. आमचे हे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे. गाण्यांपेक्षा जास्त काम असायचं पार्श्वसंगीताचं. म्हणजे घोडे उधळले, वादळ सुटलं, हिरोने तलवार उपसली, की मागे जे वाजतं ना, ते. स्टुडिओत पडद्यावर रीळ चालवायचे आणि तीसेक माणसं एकदम वाजवायची. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! म्हणून एक कडक नियम होता — वादकांनी पडद्याकडे पाठ करून बसायचं. पडदा बघणार तो फक्त समोर काठी हलवणारा. बाकीच्यांनी त्याच्या काठीकडे बघायचं, अगदी ट्रंपेट वाजवणाऱ्या फ्रान्सिसनेही, म्हणजे यांच्या मित्राने. हे घरी येऊन म्हणायचे, "अगं, शंभर लढाया वाजवल्या मी, पण एकही बघितली नाही."

तसाच एक तलवारबाजीचा सिनेमा चालू होता. समुद्री चाचे, बुरखा घातलेला राजपुत्र, किल्ल्यातली मारामारी. निम्मी रिळं वाजवून झाली आणि यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, माणूस वाचला, पण कान गेले. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, नसच गेली, आता आशा ठेवू नका.

मग आमच्या घरात पाटी आली. जेवायला चला, पाटीवर. धाकटीला दात आला, पाटीवर. हे वाचायचे आणि मान हलवायचे. व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन गॅलरीत बसून राहायचे. पेटी उघडायचे नाहीत. पानातलं अर्धं पानातच. एकदा मला म्हणाले, "तू पोरांना घेऊन मधूकडे राहा. मी कशाला पाहिजे आता?" मधू म्हणजे माझा भाऊ, कल्याणला असायचा. त्या दिवसापासून विहिरीवर गेले तरी माझा जीव घरात. शेजारणीला सांगून जायचे, "जरा लक्ष ठेवा हो आमच्याकडे." हा माणूस जिवाचं काही बरंवाईट करून घेणार, या भीतीने मी पार थकून गेले होते. खोटं कशाला सांगू.

आणि तो सिनेमा कल्याणला लागला. मधू म्हणाला, "ताई, दाजींना आण. निम्मं त्यांनीच वाजवलंय. ऐकू नाही आलं तरी बघतील तरी." मला पटलं नव्हतं. मुक्याला गाणं आणि बहिऱ्याला बाजा... पण हे तयार झाले. पोरं शेजारी ठेवली आणि दुपारच्या खेळाला गेलो. एका बाजूला मधू, मध्ये मी, पलीकडे हे.

शेवटची लढाई सुरू झाली आणि थिएटरचा आवाज गेला. चित्र चालू, आवाज ठप्प. तलवारी आपटतायत आणि खट् म्हणून नाही. झालं! पब्लिकने जो दंगा केला! "आवाऽऽज! ए मशीनवाल्या, झोपलास काय?" शिट्ट्या, खुर्च्यांची आदळआपट. मधूही उठून ओरडायला लागला.

माझं लक्ष यांच्याकडे गेलं. हे ताठ बसले होते. डाव्या हाताची बोटं हवेत तारांवर पडावीत तशी पडत होती, पायाने ठेका चालू होता. चेहरा असा, की कित्येक महिन्यांत तो चेहरा मी पाहिला नव्हता. मी पाहातच राहिले. पडद्यावर राजपुत्राने झुंबर धरून जिन्यावरून उडी टाकली आणि हे खदाखदा हसले. मोठ्यांदा म्हणाले, "फ्रान्सिस आधी घुसला! गाढव! पडद्याकडे बघत बसला असणार!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी त्यांचा दंड धरून हलवला. "अहो! ऐकू येतंय तुम्हाला? अहो, माझ्याकडे बघा!" मी त्यांच्या कानाशी ओरडत होते. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मलाच गप्प राहायची खूण केली — ऐकू दे म्हणून.

ते रीळ संपलं. पुढचं लागलं, आवाज आला, लोकांनी टाळ्या पिटल्या. यांचे हात मांडीवर पडले. माझ्याकडे वळून विचारलं, "संपलं का?"

बाहेर आल्यावर मधू म्हणाला, "ताई, डोक्यात बसलेलं असतं गं. हजारदा वाजवलेलं असणार." मी म्हटलं, "अरे, ती लढाई वाजवली तेव्हा हे अंथरुणात होते! मी कपाळावर घड्या ठेवत होते!"

दुसऱ्या दिवशी यांना घरी ठेवून मी मधूला घेऊन परत गेले. आवाज नीट होता. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण झुंबराच्या त्या उडीला कान टवकारून बसले. आणि बाकी सगळे यायच्या आधी, अगदी किंचित आधी, एकटं ट्रंपेट वाजलं. मधूने माझ्याकडे पाहिलं.

आठवडाभराने फ्रान्सिस घरी आला. येताना पाव घेऊन यायचा बिचारा. मी त्याला विचारलं तर हातातला कप खाली ठेवून म्हणाला, "वैनी, हे तुला कोणी सांगितला? मी वळून बघितला ना, तो उडी मारतो ते बघायला! घाई होती, मालक बोलला राहू दे, पब्लिकला काय समजते. पण आपल्या लोकाशिवाय कोणाला म्हाईत नाय हे!"

मी पाटीवर सगळं लिहिलं. यांनी वाचलं. आत जाऊन पेटी आणली आणि फ्रान्सिसच्या हातात दिली. "कुणा शिकणाऱ्याला दे. माझ्याशिवाय छान वाजलं रे," म्हणाले. फ्रान्सिस रडला, हे नाही रडले. त्या रात्री पोटभर जेवले, ताक मागून घेतलं. पुढे छापखान्यात नोकरी धरली, मशीनच्या खडखडाटाचा त्यांना काय त्रास होणार! पोरांची लग्नं पाहिली, नातवंडं खेळवली. जिवाची ती भीती त्या दुपारनंतर मला कधीच वाटली नाही.

कान मात्र परत आले नाहीत. दोन डॉक्टर केले, कुलदैवताला नवस केला, एक अक्षर ऐकू आलं नाही.

ते कुठून ऐकू आलं, कुणी ऐकवलं, मला माहीत नाही. ज्याने कुणी ऐकवलं त्याचे उपकारच, माझा माणूस मला परत मिळाला. पण खरं सांगू? रागही आहे. लग्नाआधी बघायला आले होते तेव्हा हे म्हणाले होते, मुलीचा आवाज गोड आहे. त्या आवाजात मी पुढे चाळीस वर्षं त्यांना हाका मारल्या आणि त्यांनी एकही ऐकली नाही. ज्याला बंद पडलेल्या सिनेमातलं ट्रंपेट ऐकवता आलं, त्याला तेवढ्यात माझी एक हाक ऐकवता आली नसती का? मी शेजारीच तर बसले होते.